वस्तऱ्याची धार कुठे मरते? : वाचकांचे प्रश्न

घरच्या घरी वस्तऱ्याने दाढी करू पाहणाऱ्यांची पत्रं सोलापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे, धार टिकत नाही. पत्रं एकापाठोपाठ वाचली की कारणही दिसतं. वस्तऱ्याची धार गालावर फार थोडी झिजते. ती जाते धार सरळ करायच्या ढिल्या चामडी पट्ट्यावर, ओल्या न्हाणीघरात आणि धार लावायच्या चुकीच्या दगडावर. म्हणून खालच्या उत्तरांत दाढीइतकीच जागा या तीन गोष्टींना दिली आहे.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. आजवर ट्रिमर आणि कार्ट्रिजचं रेझर वापरलं. आता वस्तरा शिकायचा आहे. सलूनमध्ये असतो तसा ब्लेड बदलायचा घ्यावा की खरा वस्तरा? ऑनलाइन इतके प्रकार दिसतात की काहीच ठरत नाही. (जुळे सोलापूर)

उत्तर : दोन्ही दिसायला सारखे असले तरी हाताला फार वेगळे लागतात. ब्लेड बदलायच्या वस्तऱ्यात दाढीच्या साध्या ब्लेडचा अर्धा तुकडा बसतो. ते ब्लेड अतिशय पातळ आणि धारदार असतं. धरणारी पट्टी हलकी असल्यामुळे हाताला वजन जाणवत नाही, आणि वजन जाणवलं नाही की माणूस नकळत दाबतो. खऱ्या वस्तऱ्याचं पातं जड असतं, धारेपासून पाठीपर्यंत निमुळतं चढत गेलेलं असतं, आणि चूक झाली तर थोडं सांभाळून घेतं. म्हणून ‘आधी सलूनच्या वस्तऱ्यावर शिका, मग खऱ्याकडे वळा’ हा सल्ला आम्ही देत नाही. मात्र पट्टा आणि दगडाची निगा राखायला रोजची पाच-सात मिनिटं देता येणार नसतील, तर ब्लेड बदलायचाच घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

खरा वस्तरा घेताना चार गोष्टी पाहा. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. नवशिक्याला ५/८, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर रुंदीचं पातं सोयीचं. त्याहून रुंद पातं नाकाखाली अडचणीचं होतं. टोक गोल असावं. चौकोनी टोकाचा कोपरा कानाच्या पाळीला आणि ओठाच्या कडेला हमखास चावतो. दोन्ही बाजूंनी मध्यम पोखरलेलं, म्हणजे बाजू आत घासून खोलगट केलेलं पातं घ्या. फार पोखरलेलं पातं दाब पडला की लवतं, आणि पाचरीसारखं भरीव पातं दगडावर फार वेळ मागतं. पोलाद कार्बनचं असलं तर धार लावायला सोपं जातं, पण गंजतं लवकर. स्टेनलेसचं उलट.

जर्मनीतलं सोलिंगेन, इंग्लंडमधलं शेफील्ड आणि फ्रान्समधलं तिएर ही वस्तऱ्यांची जुनी गावं. सोलिंगेन हे नाव तर तिथल्या मालाखेरीज कुणी वापरू नये म्हणून कायद्याने राखलेलं आहे. नवा परवडत नसेल तर या गावांचा चांगल्या स्थितीतला जुना वस्तरा घ्यावा. मात्र वस्तऱ्याच्या आकाराच्या, चकचकीत, अगदी स्वस्त वस्तू बाजारात भरपूर आहेत. त्यांचं पोलाद मऊ असतं, पातं वाकडं असतं, कितीही घासा, धार धरत नाही. असल्या वस्तूवर शिकणारा माणूस महिनाभरात कंटाळतो आणि दोष स्वतःच्या हाताला देतो.

विकत घेताना धार दाढीसाठी लावून तयार आहे का, हे विचारा. कारखान्यातून आलेला प्रत्येक वस्तरा तसा नसतो. आणि वस्तऱ्यासोबत पहिल्याच दिवशी पट्टा घ्या. दगड नंतर घेतला तरी चालतो, पट्ट्याशिवाय दुसरी दाढीही नीट होत नाही.

प्रश्न : तीन आठवडे झाले. गाल जमतात. हनुवटीला आणि गळ्याला मात्र रोज कापतं आणि दिवसभर चरचरतं. चुकतंय कुठे? (होटगी रोड)

उत्तर : कापणं आणि चरचरणं यांची कारणं वेगवेगळी आहेत. चरचरतं ते दाबामुळे, किंवा धार उतरलेली असताना त्याच जागी चार-चारदा हात मारल्यामुळे. कापतं ते कोन उघडल्यामुळे, कातडी ढिली राहिल्यामुळे किंवा वस्तरा आडवा सरकल्यामुळे.

आधी पकड तपासा. वस्तरा उघडून त्याची मूठ मागे वळवा, इतकी की ती पात्याच्या रेषेपलीकडे वर उभी राहील. पात्याच्या मागच्या जाड दांडीवर तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका ठेवा, खालून अंगठ्याचा आधार द्या आणि करंगळी दांडीच्या शेपटीच्या बाकात टेकवा. घट्ट आवळू नका. पेन धरावं तितपत पुरे.

आता कोन. पातं गालावर सपाट टेकवा. मग धार तिथेच ठेवून पाठ उचला. पाठ आणि गाल यांच्यात पाठीच्या जाडीएवढी, फार तर तिच्या दीडपट फट राहिली पाहिजे. हा साधारण २५ ते ३० अंशांचा कोन झाला. याहून कमी ठेवलात तर धार केसाला ओढते, जास्त उघडलात तर कातडी खरवडते. गालावर कोन आपोआप टिकतो, कारण गाल सपाट आहे. हनुवटीवर कातडी वळते आणि मनगट मात्र सरळच चालत राहतं. कोन तिथे उघडतो, आणि तुमचं कापणं नेमकं तिथेच आहे.

म्हणून हनुवटीवर लांब हात मारू नका. खालचा ओठ दातांवर ओढून घ्या म्हणजे हनुवटी ताणली जाते, आणि एकेक सेंटिमीटरचे तोकडे हात मारा. प्रत्येक हातानंतर कोन पुन्हा बसवा. गळ्यासाठी मान मागे टाका आणि मोकळ्या हाताने कातडी कॉलरच्या हाडाकडे ओढून धरा. फेसामुळे बोटं घसरत असतील तर ओल्या तुरटीवर एकदा फिरवा, पकड येते. नंतर ती बोटं धुवा, कारण तुरटी पात्याला लागलेली चांगली नाही.

गळ्याचे केस सगळ्यांचे एका दिशेने वाढत नाहीत. कुणाचे खालून वर, तर कुणाचे कानाकडे आडवे. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोटाचं टोक चारही दिशांनी फिरवून पाहा. बोट जिकडे गुळगुळीत सरकतं ती सुलट दिशा, अडतं ती उलट. पहिले दोन महिने फक्त सुलट हात मारा. उलट हात गळ्यावर मारायची घाई हेच चरचरीचं आणि कातडीत रुतून वाढणाऱ्या केसांचं मोठं कारण आहे. कुरळ्या, जाड केसांच्या माणसाने गळ्याला उलट हात कधीच मारला नाही तरी चालेल.

दाबाबद्दल एक खूण. धार बरोबर चालत असेल तर फेसाखालून वाळल्या पाचोळ्यावर पाऊल पडावं तसा बारीक खुसखुस आवाज येतो. आवाज थांबला आणि ओढ जाणवली की दाबू नका, थांबा. कोन तरी बिघडलाय, फेस तरी वाळलाय, किंवा धार तरी उतरली आहे. तिन्हींवर दाब हा उपाय नाही. आणि पातं नेहमी धारेला काटकोनात चालवा. सुरीसारखं लांबीच्या दिशेने तसूभर सरकलं तरी खोल चीर पडते. वस्तऱ्याचे सगळ्यात वाईट काप असेच होतात.

आणखी एक, कारण पत्रात तुम्ही आंघोळीआधी दाढी करता असं लिहिलंय. केस पाणी प्यायला किमान दोन-तीन मिनिटं लागतात. आंघोळीनंतर करा. किंवा आपला सोलापुरी टॉवेल गरम पाण्यात बुडवून, पिळून, दोन मिनिटं चेहऱ्यावर धरा. त्याचे उभे धागे उष्णता आणि ओल दोन्ही धरून ठेवतात.

प्रश्न : वस्तरा चालू असताना हातातून सुटला तर?

उत्तर : पडू द्या. झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या. धारेला खाच पडली तर दगडावर निघते, बोटाची शीर तुटली तर टाके पडतात. बेसिनमध्ये आणि पायाखाली जुना टॉवेल अंथरून ठेवा.

प्रश्न : पट्ट्यासाठी माझा जुना चामड्याचा कमरपट्टा वापरतो. रोज शंभर वेळा फिरवतो, तरी दोन आठवड्यांत धार जाते. पट्टा बदलू का? (बार्शी)

उत्तर : पट्टा चामड्याचा, गुळगुळीत, न रंगवलेला असेल आणि पाच सेंटिमीटरपेक्षा रुंद असेल तर चालेल. कमरपट्टे बहुधा साडेतीन-चार सेंटिमीटरचे असतात, त्यांवर नक्षी किंवा शिवण असते, आणि पुष्कळदा वर प्लास्टिकचा थर चढवलेला असतो. वस्तऱ्याची धार त्या शिवणीवरून गेली की तिथेच वळते. बांधीव दुकानी पट्टा पाच ते साडेसात सेंटिमीटर रुंद असतो, त्याच्या जोडीला जाड सुती कापडाचा दुसरा पट्टा असतो. तो घ्या.

पण तुमच्या बाबतीत पट्ट्यापेक्षा हात तपासायला हवा. पट्टा धार ‘लावत’ नाही. धारेचं टोक इतकं पातळ असतं की दाढी करताना ते सूक्ष्मसं वाकतं. पट्टा ते पुन्हा सरळ करतो आणि साफ करतो. म्हणून जोर लावून काही मिळत नाही, उलट पट्टा खाली दबतो, धारेभोवती वर उचलला जातो आणि धार गोल करून टाकतो. शंभर वेळा दाबून फिरवणं म्हणजे रोज शंभर वेळा धार मारणं.

पट्टा खिळ्याला किंवा दाराच्या कडीला अडकवा आणि मोकळं टोक ताठ ओढून धरा. मधे झोळ दिसता कामा नये. पातं सपाट ठेवा, पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला टेकलेली. वस्तरा सरकतो तेव्हा पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलात की पातं पाठीवर पालथं करा. पाठ पट्ट्यावरून उचलायची नाही, धार हवेतून वर येऊन पलीकडे टेकेल. मग परत, पुन्हा पाठ पुढे. पालथं करताना आधी थांबा, मग वळवा. नवशिका सरकता सरकता वळवतो आणि पट्टा कापतो. अंगठा आणि तर्जनी यांत दांडी फिरली पाहिजे, मनगट फिरवाल तर पातं तिरपं होईल.

जाणं-येणं मिळून एक फेरी. दाढीआधी कापडावर २० ते ३०, चामड्यावर ५० ते ६० फेऱ्या पुरेत. सुरुवातीला इतक्या हळू करा की एका फेरीला तीन सेकंद लागले तरी हरकत नाही. वेग आपोआप येतो. दाढीनंतर पातं पुसून, पूर्ण कोरडं करून कापडावर दहा फेऱ्या द्या. यात उरलेली ओल निघते, धारेसाठी त्या नसतात. ओलं पातं चामड्यावर कधीही ठेवू नका.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात चामडं कडक होतं, फिरवताना खडखड आवाज येऊ लागतो. रोज तळहाताने दहा-बारा वेळा घासलंत तरी हाताचं तेल त्याला पुरतं. तेलात भिजवलेला पट्टा चिकट होतो आणि धूळ धरतो. त्या धुळीतला वाळूचा एक कण धारेला खाच पाडायला पुरेसा आहे, म्हणून फिरवण्याआधी कोरड्या हाताने पट्टा झटका. पट्ट्याला पडलेला काप बारीक असेल तर त्याचं उचललेलं टोक डिंकाने चिकटवून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करा.

पट्टा येईपर्यंत वर्तमानपत्र चालेल. पानं चार-पाच वेळा घडी घालून पाच-सहा सेंटिमीटरची पट्टी करा, काचेवर सपाट ठेवा आणि वर सांगितल्याप्रमाणेच फिरवा.

प्रश्न : बोअरचं पाणी वापरतो. फेस होत नाही, झालाच तर दोन मिनिटांत बसतो. पात्यावर पांढरे डाग पडतात. साबण बदलू का? (विजापूर रोड)

उत्तर : साबण ठीक आहे, पाणी जड आहे. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. साबण आधी त्या क्षारांशी जोडला जातो, त्याचा दही फुटल्यासारखा चोथा होतो, आणि जो उरतो त्याचा फेस. उजनीचं नळाचं पाणी तुलनेने बरं, पण ते काही दिवसांच्या अंतराने येतं आणि मधल्या दिवसांत बोअर किंवा टँकर, ही सोलापूरकरांची नेहमीचीच गोष्ट आहे.

सगळ्या दाढीसाठी चांगलं पाणी लागत नाही, फक्त फेसासाठी लागतं. अर्धा कप, म्हणजे शंभर-सव्वाशे मिलिलिटर आरओचं पाणी बाजूला ठेवा. आरओ नसेल तर बोअरचं पाणी पाच-दहा मिनिटं उकळून गार करा. क्षारांचा एक भाग तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी घ्या. ब्रश त्यात भिजवून झटका. साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट फिरवा, मग वाटीत दोन-तीन थेंबांप्रमाणे पाणी वाढवत दोन मिनिटं घोळा. साबण नेहमीपेक्षा दीडपट घ्या. फेस दह्याच्या सायीसारखा व्हायला हवा. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालंय, तो चेहऱ्यावर वाळतो.

पांढरे डाग म्हणजे पाणी सुकल्यावर उरलेला क्षार. तो धारेवरही बसतो आणि पट्ट्यावर खरखरतो. दाढी झाल्यावर पातं त्याच आरओच्या पाण्याने विसळा, मऊ सुती कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा. धारेकडून पाठीकडे पुसलंत तर कापडही जाईल आणि बोटही.

प्रश्न : कपाटात आजोबांचा वस्तरा सापडला. दांडीवर परदेशी शिक्का आहे, पातं गंजलंय. वापरता येईल का? (अक्कलकोट)

उत्तर : गंज किती खोल आहे त्यावर ठरेल. पातं उजेडात तिरपं धरा आणि धारेजवळच्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीकडे पाहा. बाकी पात्यावर काळे डाग, तांबूस थर काहीही असो, ते दिसायला वाईट, पण बिनधोक. धारेजवळ मात्र सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर तिथे धार लावताना प्रत्येक खड्डा एक खाच होऊन उघडेल. असा वस्तरा आठवण म्हणून जपा. धारेपासून वर गेलेली केसासारखी रेघ दिसली तर ती चीर आहे, तिथेही थांबा. मग वस्तरा मिटवून पाहा, धार मुठीच्या मधोमध बसते का. एका बाजूला टेकत असेल तर मूठ वाकली असेल किंवा पिन सैल असेल. हे दुरुस्त होतं. धार पाठीच्या बाजूने आत खचून चंद्रकोरीसारखी झाली असेल तर पूर्वी कुणीतरी दगडावर मधेच जोर दिलेला आहे. तो अनुभवी माणसाकडे द्या.

साफ करताना आधी धारेवर इन्सुलेशन टेप लावा. सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल थोड्या शिलाई मशीनच्या तेलात बुडवून गंजावर हळूहळू घासा, मग पितळ चकाकवायच्या पॉलिशने. काळपट थर राहिला तर राहू द्या, तो लाल गंजाइतका पोलाद खात नाही. मूठ पिवळ्या-पारदर्शक सेल्युलॉइडची असेल आणि तिला कापरासारखा किंवा आंबट वास येत असेल तर ती कुजत चालली आहे. त्यातून निघणाऱ्या वाफेने पातं पुन्हा पुन्हा गंजतं. ती बदलून घ्या.

साफ केल्यावर पातं साबणाने धुवा, कोरडं करा आणि ७० टक्के स्पिरिटने दहा मिनिटं ओलं ठेवा. मूठ स्पिरिटमध्ये बुडवू नका, आणि वस्तरा उकळू तर अजिबात नका, मूठ वाकडी होते.

बफिंगच्या चाकावर चमकवून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. कारण पुढच्याच उत्तरात आहे.

प्रश्न : दारावर सायकलवर धार लावणारे येतात. त्यांच्याकडे वस्तरा द्यावा का? की स्वतः दगड घ्यावेत, आणि कोणते? (अशोक चौक)

उत्तर : विळी, सुरी, कात्री जरूर द्या. वस्तरा देऊ नका. कोरड्या फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. पोलादाला पाणी देताना ते दुसऱ्यांदा ज्या उष्णतेपर्यंत तापवलेलं असतं, त्याच्या वर गेलं की ते मऊ पडतं. २२०-२३० अंश सेल्सिअसला पात्यावर गवती पिवळा रंग चढतो, ३०० च्या आसपास निळा. धारेवर निळी झाक दिसली म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. मग कोणत्याही दगडावर घासा, धार दोन दाढ्या टिकणार नाही.

वस्तऱ्याला दगड सपाट लागतो आणि हात हलका. कोनाची चिंता नको. पाठ आणि धार एकाच वेळी दगडावर टेकली की कोन आपोआप बसतो. म्हणूनच पाठ कधी उचलायची नाही. ग्रिट म्हणजे दगडाच्या कणाचा नंबर, तो जितका मोठा तितका कण बारीक. १००० ग्रिटवर धारेचे दोन उतार एकमेकांना भेटवायचे, ३००० किंवा ४००० वर त्यांचे ओरखडे बारीक करायचे, ८००० वर धार आणायची, १२००० वर गुळगुळीत करायची. चांगल्या धारेचा वस्तरा नुसता उतरला असेल तर १००० ला हातच लावू नका, १२००० वर पंधरा-वीस फेऱ्या पुरतात. रोज दाढी करणाऱ्याला हे तीन ते सहा महिन्यांनी लागतं. चंदनाची सहाण चालणार नाही, ती सपाट नसते आणि तिचा कणही एकसारखा नसतो.

दगड वापरून मधे खोल होतो. त्यावर पेन्सिलने चौकटी काढा, काचेवर २२० किंवा ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून ठेवा आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत दगड घासा. दर वेळी.

घासताना पट्ट्याच्या उलट, धार पुढे. पात्यापेक्षा दगड अरुंद असतो म्हणून वस्तरा तिरपा ओढत न्या. टाचेपासून, म्हणजे पात्याच्या दांडीकडच्या भागापासून सुरुवात केली तर पलीकडच्या टोकाला पोचताना पात्याचं टोक दगडावर असलं पाहिजे. धारेला सगळीकडे सारखा दगड लागतोय का ते पाहायला मार्करने दोन्ही उतार काळे करा आणि तीन-चार फेऱ्या मारा. जिथे शाई उरली तिथे दगड पोचला नाही. पोचत नसेल तर दाब वाढवू नका, हात जरा बदला.

१००० चं काम झालं की नाही, याची एकच खरी खूण आहे. मनगटाजवळची लव पात्याच्या टाचेपासून टोकापर्यंत प्रत्येक जागी कातडीलगत निघाली पाहिजे. एखाद्या जागी अडली तर पुढच्या दगडावर जाऊ नका. बहुतेकांची धार इथेच फसते. १००० वर घाई केलेली असते आणि ती चूक १२००० वर झाकू पाहतात. बारीक दगडावर जोर लावून शे-दोनशे फेऱ्या मारल्या तर धारेला पापुद्रा येतो. तो लव सफाईने काढतो, पण पहिल्याच दाढीत तुटतो. ‘काल घासला, आज ओढतो’ म्हणतात ते हेच. पाठीला टेप लावून घासत असाल तर दर वेळी लावा, कारण टेपच्या जाडीने कोन बदलतो.

धार अंगठ्यावर आडवी ओढून पाहू नका. पाहणाऱ्याचा अंगठा जातो, आणि धारही.

प्रश्न : वस्तऱ्याला खोबरेल लावून ठेवतो. चालेल ना? (पंढरपूर)

उत्तर : त्यापेक्षा शिलाई मशीनचं पातळ तेल बरं. युनिफॉर्म शिवणाऱ्या आपल्या शहरात ते कोणत्याही पेठेत मिळतं. खोबरेल काही दिवसांनी चिकट होतं आणि थंडीत गोठतं. दोन दिवसांत पुन्हा वापरणार असाल तर तेलाचीही गरज नाही, नीट कोरडं करा आणि न्हाणीघराबाहेर ठेवा. पावसाळ्यात किंवा बाहेरगावी जाताना पात्याला एक थेंब तेल चोळा, पिनेत एक थेंब सोडा. वस्तरा चामड्याच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, चामडं ओल धरतं. परत वापरण्याआधी तेल पुसून कापडावर दहा फेऱ्या द्या. विमानाने जाणार असाल तर वस्तरा हातातल्या बॅगेत नको, चेक-इन सामानात ठेवा.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, मधुमेह आहे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. त्यांना वस्तरा शिकायची हौस आहे. (मंगळवेढा)

उत्तर : शिकू देऊ नका. या गोळ्यांवर लहानसा कापही लवकर थांबत नाही, आणि मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो. ब्रश, साबणाची वडी आणि साधं सेफ्टी रेझर द्या. त्यांची अर्धी हौस फेस करण्यात भागेल. तेही डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : माझं छोटं सलून आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावतो. तरी काहीजण विचारतात, ‘नक्की सुरक्षित आहे का?’ आणखी काय करावं? (मोहोळ)

उत्तर : तुम्ही सर्वात महत्त्वाचं करताच. ब्लेड कागदातच लांबीला दुमडून गिऱ्हाइकासमोर मोडा, त्याच्या डोळ्यांसमोर बसवा. न विचारता उत्तर मिळतं. पण रक्त ब्लेडपुरतं थांबत नाही. ते ब्लेड धरणाऱ्या पट्टीच्या खाचेत जातं, आणि हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. पट्टी धातूची असेल तर अशा तीन-चार ठेवा, म्हणजे पाळीपाळीने वापरता येतील. वापरलेली ब्रशने साबणात धुवा, मग वीस मिनिटं उकळा. प्लास्टिकची असेल तर धुऊन, कोरडी करून दहा मिनिटं ७० टक्के स्पिरिटमध्ये ठेवा. न धुता स्पिरिटमध्ये टाकली तर आतला थर तसाच राहतो.

तुरटीचा खडा मात्र आजच बदला. एकाच्या कापलेल्या गालावर घासलेला खडा दुसऱ्याच्या गालावर फिरतो तेव्हा नव्या ब्लेडचा उपयोग राहत नाही. तुरटीची पूड पाण्यात विरघळवून स्प्रेच्या बाटलीत भरा, किंवा कोरड्या पुडीत दर वेळी नवा कापूस बुडवा. वापरलेली ब्लेडं कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बरणीच्या झाकणाला फट पाडा, त्यातून आत सोडा, आणि बरणी तीन-चतुर्थांश भरली की झाकण टेपने कायमचं बंद करून, वर ‘ब्लेड’ लिहून, घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या.